‘हा तर गोऱ्यांचा कॅन्सर’ म्हणून थांबू का?

पत्र:

नमस्कार. मी 31 वर्षांचा, मूळचा नाशिकचा. गेली काही वर्षं न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. दीड वर्षापूर्वी लग्न झालं, मूल अजून नाही. पाच आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना उजव्या वृषणाला पुढच्या बाजूने वाटाण्याएवढं काहीतरी कडक लागलं. दुखत अजिबात नाही. ऑफिसमधल्या एका गोऱ्या सहकाऱ्याला मागच्या वर्षी टेस्टिक्युलर कॅन्सर झाला होता, म्हणून नेटवर शोधलं. सगळीकडे तेच लिहिलेलं: गोऱ्या पुरुषांत जास्त, एशियन पुरुषांत त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. जीव भांड्यात पडला. पुण्यातल्या डॉक्टर मित्राला व्हॉट्सॲपवर विचारलं. तो म्हणाला इन्फेक्शन असेल, दहा दिवस अँटिबायोटिक घे. घेतलं, फरक नाही. डिसेंबरमध्ये भारतात जाणार आहे, तेव्हा तिथेच दाखवावं असा विचार आहे, कारण इथली बिलं तुम्हाला माहीत आहेत. आणि हो, मी नऊ वर्षांचा असताना त्याच बाजूचं वृषण खाली उतरलं नव्हतं म्हणून ऑपरेशन झालं होतं. त्याचा याच्याशी संबंध असेल का? बायकोला अजून काही बोललेलो नाही. धाकटा भाऊ नाशिकला असतो. त्याला काही सांगायला हवं का?

उत्तर:

डिसेंबरपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, आधी फोन करा.

फोनवर काय बोलायचं तेही सांगतो, कारण वेळ किती लवकर मिळते ते त्यावर ठरतं. ‘खाली जरा अवघडल्यासारखं वाटतंय’ असं सांगितलंत तर रिसेप्शनवरची व्यक्ती तीन-चार आठवड्यांनंतरची तारीख देईल. नेमके शब्द वापरा: ‘हार्ड, पेनलेस टेस्टिक्युलर लंप, फाइव्ह वीक्स, हिस्टरी ऑफ अनडिसेंडेड टेस्टिकल ऑन द सेम साइड.’ हे ऐकल्यावर बहुतेक ठिकाणी त्याच आठवड्यात जागा निघते. तुमचा विम्याचा प्लॅन एचएमओ प्रकारचा असेल तर आधी प्रायमरी केअर डॉक्टरकडे (नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे) जाऊन रेफरल, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठी, घ्यावी लागेल. पीपीओ प्रकारचा असेल तर थेट युरॉलॉजिस्टला (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या तज्ज्ञाला) फोन करता येतो. प्रायमरी डॉक्टरकडे गेलात तर ‘युरॉलॉजीची वेळ मिळेपर्यंत डॉप्लरसह स्क्रोटल अल्ट्रासाउंड आजच लिहून द्या’ असं स्पष्ट मागा. म्हणजे अंडकोशाची सोनोग्राफी, रक्तप्रवाहही दाखवणारी. दोन रांगांत एकाच वेळी उभं राहिलेलं बरं.

आता त्या आकड्यांकडे येऊ. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची ‘सीअर’ नावाची नोंदवही आहे, तिच्यातून हे दर निघतात. हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्या पुरुषांत वर्षाला दर लाखात साधारण सात जणांना हा कॅन्सर होतो. हिस्पॅनिक पुरुषांत पाच-सहा, एशियन आणि पॅसिफिक बेटांवरचे मिळून दोनच्या आसपास, कृष्णवर्णीय पुरुषांत दोनाहूनही कमी. जगात सगळ्यात वर नॉर्वे आणि डेन्मार्क, तिथे हा दर दहाच्या पुढे जातो. भारतातल्या नोंदण्यांत तो लाखात एकापर्यंतही पोचत नाही. म्हणजे गट म्हणून बघितलं तर भारतीय पुरुष जगातल्या सर्वांत कमी धोक्याच्या लोकांत येतात.

पण हा आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते बघा. ‘एक लाख धडधाकट माणसं घेतली तर वर्षभरात त्यांतल्या किती जणांना गाठ येईल?’ हा तो प्रश्न. तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: गाठ आली आहे, ती कशाची? तिथे वंशाचा फारसा उपयोग होत नाही. वृषणाच्या आतच असलेली, घट्ट, हाताला लागणारी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते, मग माणूस ऑस्लोचा असो की ओझरचा. वृषणाच्या बाहेर, मागच्या नळीत किंवा भोवतीच्या पाण्यात असेल तर बहुतेक वेळा साधी असते. आत की बाहेर, हे बोटांनी ठामपणे सांगता येत नाही. ते सोनोग्राफी सांगते. म्हणून आत्ता तुमच्या बाबतीत सोनोग्राफीच्या रिपोर्टला किंमत आहे, सीअरच्या तक्त्याला नाही.

शिवाय ‘एशियन’ हा अमेरिकन जनगणनेचा खण आहे. त्यात मराठी, तमिळ, चिनी, फिलिपिनो, कोरियन सगळे एकत्र कोंबलेले असतात, जुन्या तक्त्यांत तर हवाई आणि सामोआचे लोकही. अशा सरसकट गटाचा सरासरी दर एका माणसाला लावताना जपून राहायला हवं. ‘गोरे जास्त, बाकीचे कमी’ हा नियमही सगळीकडे टिकत नाही: न्यूझीलंडमध्ये माओरी पुरुषांचं प्रमाण तिथल्या युरोपीय वंशाच्या पुरुषांपेक्षा जास्त आहे.

हे फरक कशामुळे, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही, पण धागे हाती आहेत. काही वाटा जनुकांचा आहे. केआयटीएलजी नावाच्या जनुकाजवळचा, धोका दुपटीहून अधिक वाढवणारा एक प्रकार युरोपीय वंशात फार सर्रास आढळतो, आफ्रिकी वंशात त्या मानाने बराच कमी. पण नुसत्या जनुकांवर भागत नाही. अमेरिकेत 1975 च्या सुमारास एकूण दर लाखात चारच्या आत होता, आज सहाच्या घरात आहे, आणि चाळीस-पन्नास वर्षांत कुणाची जनुकं बदलत नाहीत. अलीकडच्या दशकांत हिस्पॅनिक तरुणांत तो झपाट्याने चढला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या मुलग्यांत पुढे हा कॅन्सर त्यांच्या आधी-नंतर जन्मलेल्यांपेक्षा कमी दिसला. फिनलंडमध्ये प्रमाण कमी, शेजारच्या स्वीडनमध्ये जास्त. मोठेपणी स्वीडनला गेलेले फिनिश पुरुष आपला मूळचा कमी धोका सोबत घेऊन गेले, त्यांची स्वीडनमध्ये जन्मलेली मुलं मात्र स्वीडिश दराकडे सरकली. या सगळ्यावरून तज्ज्ञांचा कल असा की बीज आईच्या पोटात किंवा अगदी बालपणी पेरलं जातं आणि वयात आल्यावर हार्मोन्सच्या जोरावर वाढतं. तुम्ही नाशिकला जन्मलात, तेव्हा अमेरिकेत येऊन तुमचा धोका फारसा बदलला नसावा. उद्या न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलाबद्दल तेच म्हणता येईलच असं नाही.

वयाचं गणित वंशाहून जास्त कामाचं आहे, आणि ते तुमच्या बाजूने नाही. बहुतेक कॅन्सर वयाबरोबर वाढत जातात, हा उलटा. अमेरिकेतले साधारण निम्मे रुग्ण 20 ते 34 या वयातले असतात, निदानाचं सरासरी वय 33. एकूण दर लाखात सहा असला तरी तिशीच्या आसपासच्या गोऱ्या पुरुषांत तो पंधराच्या आसपास जातो. या वयाच्या पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा घन (म्हणजे रक्ताचा नव्हे, गाठीचा) कॅन्सर हाच. या कॅन्सरचे मुख्य प्रकार दोन, सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा. विशी आणि तिशीची सुरुवात हा नॉन-सेमिनोमाचा काळ. तो वेगाने वाढतो, कधी कधी काही आठवड्यांत आकार दुप्पट होतो. सेमिनोमा जरा उशिरा, तिशीच्या मध्यापासून चाळिशीपर्यंत, आणि तो सावकाश चालतो. तुमचं वय नेमकं दोन्हींच्या सांध्यावर आहे. (हे वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी: साठीनंतर वृषणात गाठ आली तर बऱ्याचदा तो लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) असतो, त्याची वाट पूर्ण वेगळी. ‘हा तरुणांचा आजार’ म्हणून त्यांनीही बसून राहायचं नाही.)

आणि पत्राच्या शेवटी ‘आणि हो’ म्हणून जे लिहिलंत, ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. न उतरलेलं वृषण हे या आजारातलं सर्वांत पक्कं माहीत असलेलं कारण आहे. ऑपरेशन करून ते जागेवर आणल्याने धोका कमी होतो, पण पुसला जात नाही. स्वीडनमधल्या जवळपास 17 हजार पुरुषांचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: तेरा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत धोका इतरांच्या सव्वादोनपट, तेरानंतर झालेल्यांत सव्वापाचपटीच्या वर. तुमचं नवव्या वर्षी झालं, म्हणजे तुम्ही पहिल्या गटात. आज हे ऑपरेशन दीड वर्षाच्या आतच करावं असं सांगतात. त्या काळी आपल्याकडे ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणून मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबवली जायची, आणि काहींचं राहूनच जायचं. पोटात अडकलेल्या वृषणाचा कॅन्सर पोटातली गाठ म्हणून मोठ्या वयात समोर येतो, तो असा.

ऑपरेशन झालेल्या बाजूची आणखी एक अडचण. ते वृषण बहुधा दुसऱ्याहून लहान असतं, टाक्यांच्या जागी थोडा कडकपणा असतो, त्यामुळे ‘दोन्ही बाजू सारख्या लागतात का’ ही नेहमीची तुलना तुमच्या कामाची नाही. तुम्हाला तुलना करायची ती त्याच बाजूच्या कालच्या स्थितीशी. तपासायचं गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर, कातडी सैल असताना. एका वेळी एकच वृषण दोन्ही हातांत, अंगठे वर आणि बोटं खाली, हलकेच फिरवायचं. आतला भाग सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा एकसारखा गुळगुळीत लागायला हवा. मागे वरच्या बाजूला मऊ, वळ्यावळ्यांचं काहीतरी लागतं, ती शुक्राणूंची नळी. घाबरून डॉक्टरकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी तिलाच गाठ समजलेलं असतं. एक बाजू थोडी खाली लोंबणं, एक किंचित मोठी असणं हे नेहमीचं. तुमची गाठ पुढच्या बाजूला आहे असं तुम्ही लिहिता, म्हणजे ती बहुधा नळी नव्हे. एकदा बघून झालं, आता रोज दाबून बघू नका. त्याने नवीन काही कळत नाही, उगाच सुजतं.

दर महिन्याला सगळ्या पुरुषांनी असं तपासावं का, याबद्दल मतभेद आहेत हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2011 मध्ये काही त्रास नसलेल्या पुरुषांना अशी नियमित तपासणी करू नका असाच सल्ला दिला: आजार विरळा, उशिरा सापडला तरी बहुधा बरा होणारा, आणि खोट्या धास्तीने तपासण्यांचा ससेमिरा मागे लागतो. सरसकट सगळ्यांसाठी ते पटण्यासारखं आहे. ज्याचं वृषण उतरलं नव्हतं, ज्याच्या भावाला-वडिलांना हा कॅन्सर झाला किंवा ज्याला एका बाजूला आधीच होऊन गेला, त्याने मात्र हात लावून बघत राहावं. आणि गाठ लागल्यावर तो सल्ला कुणालाच लागू नाही.

तुमच्या मित्राबद्दल. इन्फेक्शन समजून, न बघता अँटिबायोटिक देणं हे या आजारात उशीर होण्याचं एक नेहमीचं कारण आहे, आणि अमेरिकेतही तेच घडतं. इन्फेक्शनमध्ये दुखतं. मागची नळी सुजून हात लावू देत नाही, लघवीला जळजळ होते, कधी ताप येतो. तुम्हाला यातलं काही नाही. दुखत नाही म्हणून तुम्ही निश्चिंत राहिलात, पण ‘कडक आणि न दुखणारी’ हीच या कॅन्सरची नेहमीची ओळख. अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर सूज तशीच असेल तर दुसरा कोर्स घ्यायचा नसतो, सोनोग्राफी करायची असते. याची दुसरी आवृत्ती आपल्याकडे विदर्भात दिसते: गडचिरोली-चंद्रपूर भागात हत्तीरोगामुळे अंडकोशात पाणी होणं इतकं ओळखीचं आहे की मोठं झालेलं प्रत्येक अंडकोश हायड्रोसीलच समजलं जातं. कॅन्सरच्या गाठीभोवतीही पाणी साठतं आणि गाठ त्याखाली लपते. पाणी काढण्याआधी सोनोग्राफी हवीच. (अचानक, असह्य दुखायला लागलं तर मात्र ती वेगळी गोष्ट: वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, सहा तासांच्या आत इमर्जन्सीत पोचायला हवं.)

आता पुढे काय होईल. अल्ट्रासाउंडला वीसेक मिनिटं लागतात, दुखत नाही, रेडिएशन नाही. रिपोर्टमध्ये ‘इंट्राटेस्टिक्युलर’ (वृषणाच्या आत), ‘सॉलिड’ (भरीव), ‘हायपोइकोइक’ (भोवतालापेक्षा गडद दिसणारी) आणि ‘व्हॅस्क्युलर’ (रक्तपुरवठा असलेली) हे शब्द एकत्र आले तर पुढची पायरी युरॉलॉजिस्ट, तीही काही दिवसांत. नुसतं ‘मायक्रोलिथियासिस’ म्हणजे बारीक खडे असं आलं तर तो कॅन्सर नव्हे; मात्र तुमच्या जुन्या ऑपरेशनमुळे त्याकडे लक्ष ठेवावं लागेल. सोबत रक्ताच्या तीन तपासण्या: एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच, म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे तीन पदार्थ. या शस्त्रक्रियेच्या आधी व्हायलाच हव्यात, कारण नंतर त्या किती दिवसांत उतरतात यावर पुढचं ठरतं. एएफपी दर पाच ते सात दिवसांनी निम्मी व्हायला हवी, एचसीजी दीड ते तीन दिवसांनी. आधीचा आकडाच नसेल तर मोजणार कशाशी? तिन्ही नॉर्मल आल्या तरी कॅन्सर नाही असं होत नाही. सेमिनोमात त्या बऱ्याचदा नॉर्मलच असतात. उलट एएफपी वाढलेली असेल तर पॅथॉलॉजीने शुद्ध सेमिनोमा म्हटलं तरी उपचार नॉन-सेमिनोमाचेच होतात.

एक गोष्ट कुठल्याही देशात, कुणीही सुचवली तरी करू द्यायची नाही: गाठीत सुई घालून तुकडा किंवा पेशी काढणं. इतर गाठींना आधी बायोप्सी असते, इथे नाही. वृषण पोटात किडनीजवळ तयार होतं आणि जन्माआधी खाली उतरतं, म्हणून त्याची लसिका वाट (पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांची वाट) थेट पोटाच्या मागच्या ग्रंथींकडे जाते. अंडकोशाच्या कातडीची वाट जांघेतल्या ग्रंथींकडे. अंडकोशातून सुई किंवा सुरी गेली की कॅन्सरला ही दुसरी वाट मोकळी होऊ शकते. म्हणून वृषण जांघेत छेद देऊन, त्याकडे जाणारी रक्तवाहिन्यांची दोरी वर बांधून, अखंड बाहेर काढतात, आणि तपासणी होते ती त्या काढलेल्या वृषणाची. नवव्या वर्षी तुमच्या जांघेत आधीच एक ऑपरेशन झालेलं असल्याने या वाटा थोड्या बदललेल्या असू शकतात. सर्जनला ते आवर्जून सांगा. त्या वेळचा कागद घरी आईकडे असेल तर फोटो मागवून घ्या.

भारतात करायला हरकत आहे का? उपचारांच्या दर्जाची हरकत नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हे काम जगात कुठेही होतं तसंच होतं. हरकत वेळेची आहे. खर्चाचा हिशेबही उलटा बसतो: बहुतेक प्लॅनमध्ये डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि वर्षाची खर्चमर्यादा 1 जानेवारीला पुन्हा शून्यापासून मोजायला लागतात. तपासण्या डिसेंबरात आणि उपचार जानेवारीत गेले तर तुम्ही दोन वर्षांची डिडक्टिबल भराल. आत्ता सुरुवात केलीत तर बरंचसं एकाच वर्षात बसेल. वृषण काढण्याचं ऑपरेशन बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडणारं असतं. दोन ते चार आठवडे जड उचलायचं नाही, बसून करायचं काम आठवड्याभरात सुरू होतं. न्यू जर्सीत राज्याचा टेम्पररी डिसॅबिलिटी इन्शुरन्स आहे, त्यातून कामावर नसलेल्या दिवसांच्या पगाराचा काही भाग मिळतो. कंपनीत वर्ष झालं असेल आणि ती पुरेशी मोठी असेल तर एफएमएलए कायद्याखाली बारा आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी शाबूत ठेवणारी रजा मिळते. व्हिसावर असाल तर याला महत्त्व आहे. रजा घ्या, राजीनामा देऊ नका.

बायकोला आजच सांगा. भावनेची बाजू तुमची तुम्ही बघा, पण एक निर्णय तिच्याशिवाय होऊच शकत नाही: शुक्राणू साठवणं. ज्यांचं वृषण उतरलेलं नव्हतं त्यांचे शुक्राणू दोन्ही बाजूंनी मिळून मुळात कमी असू शकतात, आणि कुठली बाजू किती काम करते हे बाहेरून कळत नाही. म्हणून शक्यतो ऑपरेशनच्या आधी, आणि केमोच्या आधी तर नक्कीच, दोन-तीन नमुने साठवा. प्रत्येक वेळी आधी दोन-तीन दिवस अंतर ठेवून. एचआयव्ही आणि हेपटायटिसच्या तपासण्या त्याआधी मागतात, त्या लगेच करून घ्या म्हणजे दिवस जात नाहीत. न्यू जर्सीत 2020 पासून मोठ्या ग्रुप प्लॅनना, उपचारांमुळे वंध्यत्व येणार असेल तर, हा खर्च द्यावा लागतो. मात्र कंपनी स्वतःच दावे फेडत असेल, म्हणजे प्लॅन सेल्फ-फंडेड असेल, तर राज्याचा नियम लागू होत नाही. एचआरला एक ईमेल टाकून आधी हेच विचारा. एक वृषण काढल्याने लैंगिक संबंधात अडचण येत नाही. दुसरं धड असेल तर हार्मोन पुरतात. तुमच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉन आधी एकदा आणि नंतर वर्षाला एकदा मोजून घेतलेलं बरं.

कॅन्सर निघालाच तर? वृषणापुरताच असेल तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण 99 टक्क्यांच्या आसपास, पोटातल्या ग्रंथींपर्यंत गेला असेल तर 96 च्या आसपास, दूर पसरला असेल तरी 70 टक्क्यांच्या वर. पन्नास वर्षांपूर्वी हे असं नव्हतं. पसरलेला टेस्टिक्युलर कॅन्सर म्हणजे बहुधा मृत्यूच होता, तो 1974 मध्ये इंडियाना विद्यापीठात डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध वापरायला सुरुवात केली तोवर. क्रिकेटपटू युवराजसिंगवर 2012 मध्ये तिथेच, इंडियानापोलिसला, उपचार झाले. त्याचा ट्यूमर याच कुळातला सेमिनोमा होता, फक्त वृषणात नव्हे तर छातीत, दोन फुप्फुसांच्या मधे. ‘आपल्या लोकांना होत नाही’ म्हणणाऱ्याला एवढं उदाहरण पुरे.

पहिल्या टप्प्यात सापडला तर ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना दुसरं काहीच घ्यावं लागत नाही, नुसती देखरेख असते. पण ती देखरेख गंभीरपणे घ्यावी लागते: ठरल्या तारखांना सीटी स्कॅन आणि रक्त, साधारण पाच वर्षं. सेमिनोमात शंभरातल्या पंधरा-वीस जणांत तो परत डोकं वर काढतो, नॉन-सेमिनोमात तीसेक जणांत, बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, आणि वेळेवर दिसला तर तेव्हाही बरा होतो. नोकरी बदलली, भारतात परतलात, तर पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या वृषणाचे जपून ठेवलेले तुकडे) मागून घ्या. नुसत्या रिपोर्टवर नवा डॉक्टर समाधानी नसतो. केमोची वेळ आली तर नेहमीचा कोर्स बीईपी (ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन ही तीन औषधं), तीन चक्रं, प्रत्येक 21 दिवसांचं. पांढऱ्या पेशी कमी आल्या म्हणून तारखा पुढे ढकलू देऊ नका, इतर केमोत चालतं ते इथे चालत नाही, डॉक्टरशी त्यावर बोला. ब्लिओमायसिन फुप्फुसांवर परिणाम करतं, म्हणून पुढे कुठल्याही भुलीच्या वेळी ‘ब्लिओमायसिन घेतलंय’ हे सांगायचं. सिस्प्लॅटिनमुळे कानात आवाज येऊ लागला तर लगेच सांगायचं.

गोरे आणि कृष्णवर्णीय पुरुष यांच्या तुलनेतली एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम बाजूला ठेवली होती. कृष्णवर्णीय अमेरिकन पुरुषांत हा कॅन्सर गोऱ्यांच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढाच, पण त्यांच्यात तो पसरलेल्या अवस्थेत सापडण्याचं प्रमाण जास्त आणि जगण्याचं प्रमाण थोडं कमी. विमा नसणं, डॉक्टर जवळ नसणं ही त्याची कारणं आहेतच. पण ‘हा आपला आजार नव्हे’ हा समजही रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या डोक्यात असतो, आणि तोच समज पाच आठवड्यांपूर्वी तुमच्या डोक्यात शिरला.

सोनोग्राफीत काहीच निघालं नाही, म्हणजे गाठ वृषणाच्या बाहेरची, पाण्याची वगैरे निघाली, तर आनंदच आहे. तरी तो रिपोर्ट युरॉलॉजिस्टला दाखवा आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा हात लावून बघा. बदल वाटला तर पुन्हा सोनोग्राफी.

भावाला आत्ताच एक प्रश्न विचारा, तुमचा निकाल काहीही लागो: त्याची दोन्ही वृषणं खाली आहेत का? नसतील तर त्याने या महिन्यात नाशिकमध्येच युरॉलॉजिस्टला दाखवावं. तुमचं निदान कॅन्सरचं झालं तर त्याचा धोका आठ ते दहापटींनी वाढतो. हे ऐकून त्याची झोप उडेल, म्हणून पुढचंही त्याला सांगा: भारतातला मूळ दर लाखात एकाहून कमी, त्याचे आठ-दहापट म्हणजे तो साधारण एखाद्या गोऱ्या अमेरिकन किंवा नॉर्वेजियन पुरुषाच्या पंक्तीला जाऊन बसतो. त्यासाठी दरवर्षी सोनोग्राफी करत बसायची गरज नाही. महिन्याकाठी आंघोळीनंतर दोन मिनिटं हात लावून बघायचं, आणि कडक काही लागलं तर तुम्हाला किंवा तुमच्या पुण्याच्या मित्राला मेसेज न करता सरळ सोनोग्राफी करून घ्यायची.